चौथ्या डाऊनचा माणूस

रविवार, रात्र

कालपासून डोक्यात रे गाय. अमेरिकन फुटबॉलच्या ओकलंड रेडर्स टीमचा पंटर. आपल्या टीमला तीन डाऊनमध्ये, म्हणजे तीन प्रयत्नांत, दहा यार्ड पुढे जाणं जमलं नाही की चौथ्याला हा येणार, बॉल लाथेने समोरच्या टीमकडे लांब उडवणार आणि परत बाकावर. म्हणजे हा मैदानात आला की घरच्या प्रेक्षकांचं तोंड आधीच पडलेलं, इतकं थँकलेस काम अख्ख्या खेळात दुसरं नसेल.

आणि अशा कामासाठी रेडर्सनी १९७३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या राउंडचा पिक लावला! पण याचे बॉल नुसते लांब जायचे नाहीत, वर जायचे आणि वरच राहायचे, तोवर याची माणसं खाली पोचलेली, मग समोरचा कॅच घेऊन पळणार कुठे? ह्यूस्टनवाल्यांनी तर हेलियम भरलाय का म्हणून बॉल तपासायला दिला होता. न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये वर टांगलेल्या स्क्रीनलाच एकदा बॉल लागला, १९७६ चा प्रो बोल, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंची मॅच. मला स्वतःला मात्र जानेवारी १९८४ चा सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जास्त आवडतो, स्नॅप, म्हणजे याच्याकडे मागे फेकलेला बॉल, डोक्यावरून चाललेला, याने उडी मारून एका हाताने धरला आणि वर किकही मारली. काय माणूस!

चौदा सीझन, सलग २०७ मॅच, तीन सुपर बोल जिंकले. १९८६ च्या सीझनला पाठीने साथ सोडली, संपलं. पुढे पैशाची ओढाताण, दिवाळखोरी, २०११ ला तिन्ही सुपर बोलच्या अंगठ्या लिलावात गेल्या, ९६,२१६ डॉलरला. लोक यावर फार हळहळतात, मला तेवढं नाही वाटत, देणी झाली की घरातलं सोनं आपल्याकडेही विकतातच की.

चीड येते ती हॉल ऑफ फेमची, म्हणजे या खेळातल्या थोर खेळाडूंना मान देणाऱ्या संस्थेची. २००० पासून कॉलेजच्या बेस्ट पंटरला याच्या नावाचं अवॉर्ड देतायत, आणि हा स्वतः बाहेर, फायनलिस्टमध्ये नाव यायचं आणि गळायचं. शेवटी २०१४ ला घेतलं, निव्वळ पंटर म्हणून आत गेलेला पहिलाच. भाषणात म्हणाला की आता हॉल ऑफ फेमची टीम पूर्ण झाली. साधेपणाने म्हणाला असेल, मला तरी टोमणाच वाटला आणि बरंही वाटलं.

२०२२ च्या नोव्हेंबरात हॅटिसबर्गला गेला, त्याच्या कॉलेजच्याच गावात, वय ७२. आतला माणूस म्हणून जेमतेम आठ वर्षं मिळाली, खेळ सोडल्यापासून तिथवर पोचायला अठ्ठावीस.