आरएक्स १०० चं इंजिन: खोलण्याआधीची धुलाई आणि खोलल्यानंतरची

एस्कॉर्ट्सच्या काळातली यामाहा आरएक्स १०० घरी खोलायला सोपी. ९८ सीसी, बोअर ५० मिमी, स्ट्रोक ५० मिमी, हेडमध्ये वॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही. पण टू-स्ट्रोकची एक खोड आहे: पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (खालच्या, क्रँक फिरतो त्या पेटीत) उतरतं आणि मग वर चढतं. तिथे ऑइल फिल्टर नाही. हाफ केसमध्ये (क्रँककेसच्या अर्ध्या भागात) राहिलेला वाळूचा एक कण थेट बिग एंड बेअरिंगमध्ये (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या) किंवा पिस्टन आणि स्लीव्हच्या (ब्लॉकमधल्या लोखंडी नळीच्या) मध्ये जातो. म्हणून या इंजिनात सफाईला फिटिंगइतकंच महत्त्व.

पहिली धुलाई इंजिन न खोलताच करायची. कार्ब्युरेटर काढून इनटेकच्या तोंडात आणि सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडात चिंधीचा घट्ट बोळा बसवा, स्पार्क प्लग जागेवरच राहू द्या. पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमागे चेनचं वंगण आणि माती मिळून बोटभर जाड थर झालेला असतो. तो लाकडी पट्टीने खरवडा, मग डिझेल आणि जुना ब्रश. रॉकेल उत्तम, पण ते आता सहज मिळत नाही. पेट्रोलने धुऊ नका. वाफ जमिनीलगत पसरते आणि घरातल्या गॅस गीझरची ठिणगीही पुरते. शेवटी कपड्यांच्या साबणाचं गरम पाणी. सर्व्हिसिंगवाल्याकडच्या प्रेशरच्या पाण्यापासून मॅग्नेट कव्हर आणि ऑइल पंप जपा.

अ‍ॅल्युमिनियमवर कॉस्टिक सोडा चालत नाही. तो धातूच खातो, वर हायड्रोजन सोडतो. फरशीचं अ‍ॅसिडही नको. केस आधी पांढरी दिसते, मग काळपट पडून तिला खड्डे पडतात. कॉस्टिक वापरायचाच तर सायलेन्सरच्या लोखंडी बॅफलसाठी वापरा, हातमोजे आणि चष्मा घालून, तेही उघड्यावर. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही.

गिअर ऑइल कोमट असताना काढा आणि पांढऱ्या भांड्यात धरा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. चकचकीत बारीक भुकटी वयोमानाप्रमाणे चालते, पण नखाएवढा तुकडा निघाला तर गिअरचे दात एकेक करून बघायचे. ६५० मिली भरलेलं ऑइल बरंच कमी निघालं, बाहेर गळतीचा डाग नाही आणि गाडी पांढरा धूर सोडत होती, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलंय. इंजिन गिअर ऑइल पीत होतं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की उलट होतं: ते हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन जाम होतो. जुन्या इंजिनात ही दोन्ही सील न बघताच बदलावीत.

कव्हरचे स्टार स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने सोडवायला गेलात की डोकी गोल होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाका आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. स्क्रूंची लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, आणि वरून जोर लावला की केस तडकते. हाफ केस वेगळ्या करताना मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. या दोन केसमध्ये पॅकिंग नसतं, फक्त सीलंटचा पातळ थर. तिथे पडलेला ओरखडा कायमची गळती देतो. पुलर भाड्याने आणा.

कार्बन मुख्यतः तीन ठिकाणी: हेड, पिस्टनचा माथा, एक्झॉस्ट पोर्ट. डिझेलमध्ये रात्रभर भिजवून बांबूच्या किंवा पितळी पट्टीने काढा. रिंगच्या खाचांसाठी जुनी रिंग मोडून तिचाच तुकडा वापरा, मापात बसतो. खाचेतली बारीक पिन शाबूत आहे ना ते बघा. ती सैल झाली तर रिंग फिरते आणि तिचं टोक पोर्टमध्ये अडकून तुटतं. पॅकिंगचे अवशेष ब्लेडने, आडव्या हाताने काढा. ग्राइंडरचा घासणारा पॅड त्या जागी नकोच, त्याची पूड बेअरिंगमध्ये जाते.

ब्लास्टिंगबद्दल मत ठाम आहे. वाळू किंवा काचेचे मणी मारलेली केस फोटोत देखणी दिसते, पण मणी थ्रेडमध्ये, बेअरिंगच्या बैठकीत आणि ऑइलच्या बारीक भोकांत लपतात. करायचंच असेल तर बेअरिंग काढून, प्रत्येक भोक बुजवून करा आणि नंतर सगळे थ्रेड टॅप फिरवून, हवा मारून तीनदा धुवा. केसवरचा इंजिन नंबर मात्र टेपने झाका. या गाड्यांची पंधरा वर्षं केव्हाच उलटली, त्यामुळे आरसी नूतनीकरणाला आरटीओत गाडी दाखवावी लागते, आणि खरवडलेला नंबर म्हणजे नसती उठाठेव.

सगळ्यात जास्त चूक होते ती बोअरिंगनंतर, म्हणजे झिजलेला स्लीव्ह कापून मोठा केल्यावर. पिस्टन ०.२५ मिमीच्या टप्प्याने मोठे मिळतात: ५०.२५, ५०.५०, पुढे तसेच. आधी पिस्टन घ्या, मग तो मोजून बोअर मारून घ्या, उलट क्रम नको. परत आलेल्या ब्लॉकच्या पोर्टच्या कडांना हलका उतार दिलाय ना ते नख फिरवून तपासा. धारदार कड रिंग कापते. होनिंगची (स्लीव्हला शेवटचा घासा देण्याची) पूड डिझेलने निघत नाही, ती स्लीव्हच्या बारीक रेघांत रुतून बसते. गरम पाणी, कपड्यांचा साबण, ताठ ब्रश, आणि पांढरं फडकं फिरवून ते करडं व्हायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. मग लगेच टू-टी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलचा हात. कोकणच्या पावसाळी हवेत उघडा स्लीव्ह बघता बघता तांबूस होतो. रिंगची गॅप बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने मोजा, ०.१५ ते ०.३५ मिमी.

क्रँक धुताना बेअरिंगवर हवेचा झोत मारून भिंगरीसारखं फिरवू नका, कोरड्या गोळ्या ओरखडतात. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघा. तिथे जरासाही खेळ नको, बाजूला थोडा असतोच. नवीन बेअरिंग ठोकून बसवायची गरज नाही. केस ओव्हनमध्ये १०० अंशांपर्यंत तापवा, बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवा, ते हलक्या हाताने बसतं. एका जागी ब्लोटॉर्च धरला तर केस वाकते.

जोडणीत सीलंट बेताने लावा. जास्तीचा आत पिळून निघतो. ऑइल पंपच्या नळ्यांतली हवा काढल्याशिवाय किक मारू नका. पंपावर भरवसा बसेपर्यंत टाकीत लिटरमागे २० मिली टू-टी मिसळा.

किकच्या आधी एक चाचणी. इनटेक आणि एक्झॉस्ट रबराच्या तुकड्यांनी बंद करा, प्लगच्या जागी नळी जोडून ६ पीएसआय हवा भरा आणि सहा मिनिटं काटा बघा. दहाच्या वर जाऊ नका, सील निसटतात. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावा: बुडबुडे बेस पॅकिंगवर आले तर ब्लॉक पुन्हा उचलायचा, मॅग्नेटच्या मागे आले तर सील, आणि कुठेच दिसले नाहीत तर गिअरबॉक्सच्या ब्रीदरला (हवा सुटायच्या नळीला) कान लावा: तिथून हवा येत असेल तर क्लचच्या बाजूचं सील.