तर्रीची चमक

साक्षगंध असो की पासपोर्ट फोटो, चेहरा चमकला की आम्ही पावडर लावतो, लाइट पसरवतो. तर्रीचं, म्हणजे रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल तेलाचं, उलटं आहे. तिची चमक गेली की रस्सा मेला. दारव्हा–यवतमाळ रस्त्यावरच्या एका ढाब्याच्या मेनूकार्डाचं काम होतं, बारा पदार्थ. भाकरी, ठेचा, झुणका भराभर झाले. पाटोडी रस्सा अडला.

सवयीने सॉफ्टबॉक्स कॅमेऱ्याच्या डावीकडे, पंचेचाळीस अंशांवर लावला. चेहऱ्याला हा लाइट शोभतो. वाटीत मात्र रस्सा गढूळ पाण्यासारखा आला. मालकांनी स्क्रीनवर पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, तर्री काऊन काळी दिसून रायली?"

तेलाचा थर आरशासारखा वागतो. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात पुढे निघून जातो. म्हणून लाइट कॅमेऱ्याच्या बाजूने असला तर चमक कॅमेऱ्याकडे येतच नाही. लाइट वाटीच्या मागे हवा. टेबल खिडकीशी ओढलं. वाटी घड्याळाच्या मधोमध आणि कॅमेरा सहावर धरला, तर खिडकी अकरावर. खिडकीवर पांढरं धोतर दुहेरी करून बांधलं. चारच्या जागी थर्माकोलची शीट उभी केली, म्हणजे वाटीची पुढची बाजू अंधारात जात नाही. तर्रीच्या कडेला लाल रेघ उजळली, तेलाचे थेंब सुटे दिसू लागले.

ट्यूब बंद करायला सांगितल्या की हॉटेलवाले नाराज होतात, पण त्या बंदच हव्यात. खिडकीच्या आणि ट्यूबच्या उजेडाचा रंग वेगळा. एक दुरुस्त केला की दुसरा बिघडतो, आणि स्टीलच्या कडेला हिरवट पट्टा राहतो. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायची चमक कापणारी काच, लावून पाहिला. त्याने तेलाची चमक पुसली गेली, स्टीलची तशीच राहिली, कारण धातूवरच्या चमकेपुढे त्याचं काही चालत नाही. तो काढला आणि वाटीच्या उजवीकडे शाळकरी पोरांचा काळा कार्डशीट उभा केला. स्टीलला धार आली.

चेहऱ्याला एफ 1.8 चालतं, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडलेलं; डोळे स्पष्ट असले की झालं. वाटीत तेवढ्यावर एकच पाटोडी स्पष्ट येते. म्हणून छिद्र लहान केलं, एफ 8; आयएसओ 200, शटर 1/15 सेकंद, ट्रायपॉड. एवढ्या संथ शटरला पंखा सुरू ठेवला तर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, पानं हलतात. एप्रिलात पंखा बंद करून स्वयंपाकघरातल्या मावशी उभ्या राहिल्या. त्यांच्याशिवाय हा फोटो झाला नसता.

कारण खरी घाई ताटात असते. बेसनाची पाटोडी रस्सा पिते; दहा मिनिटांत फुगते, कडा मऊ होतात. गरम रश्श्यावर सांबार दोन-तीन मिनिटांत मान टाकतो. म्हणून लाइट, फोकस सगळं शिळ्या वाटीवर जुळवायचं, मग ताजी मागवायची. आधी पाटोड्या, मग कडेने रस्सा, शेवटी चमच्याने तर्री, आणि सांबार चिमट्याने. पळी फिरवली की तर्री मिसळते, ती वाटी गेली. वाफ मात्र नाहीच आली. ती दिसायला गार हवा आणि मागे काळोख लागतो. कॉम्प्युटरवर चिकटवलेली वाफ गिऱ्हाईक ओळखतं, मी ती देत नाही.

तरी एक गोष्ट अजून मनात आहे. पाटोड्या तळाशी बसत होत्या. मावशी म्हणाल्या, "बुडाल्या ना जी साऱ्या." मी वाटीत एक लहान वाटी उपडी ठेवली, त्यावर पाटोड्या रचल्या. चारच होत्या, गिऱ्हाइकाला मिळतात तेवढ्याच. पण फोटोत वाटी शिगोशिग भरलेली वाटते. मालकांना तोच फोटो आवडला, मेनूकार्डावर तोच गेला. मी काही खोटं घातलं नाही, हे खरं. पण त्या रस्त्यानं येणारा ट्रक ड्रायव्हर फोटो बघून वाटी मागवेल आणि पाटोड्या चमच्याने शोधेल, हेही खरं.

दुसरा फोटो मी मालकांना फुकट काढून देणार आहे. रस्सा पाटोडीच्या निम्म्यापर्यंतच, उपडी वाटी नाही. सकाळी सातला, ट्यूब लागायच्या आधी.