तुम्ही विचारलंत म्हणून : लढाई थोडी, संसार जास्त का?

वाचनालयात बोलायला गेले की कुणीतरी विचारतंच, "ताई, तुम्ही रझाकारांच्या काळावर लिहिता, मग लढाई एवढी थोडी आणि लग्नं, बाळंतपणं, रुसवेफुगवे एवढे का?"

आधी दिवसांचा हिशेब सांगते. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, आपला मराठवाडा नाही. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि निजामाला ते संस्थान वेगळं ठेवायचं होतं. निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली, आणि लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीचे रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे हत्यारबंद स्वयंसेवक, गावोगाव फिरू लागले. भारतीय फौज आत शिरली ती १३ सप्टेंबर १९४८ ला. १७ तारखेला निजाम शरण आला. फौजेची कारवाई पाच दिवसांची, पण त्याआधी तेरा महिने लोक त्या भीतीत राहत होते. तेवढ्या काळात नव्या नवरीला दिवस जातात, पोर होतं, ते रांगायला लागतं. म्हणून मी घरात बसून लिहिते.

आमची एक मावशीआजी तेव्हा सोळा वर्षांची, लग्नाला जेमतेम वर्ष झालेली. धाराशिवकडचं गाव. एका रात्री घरच्यांनी बैलगाडी जुंपली आणि सरहद्द ओलांडून बार्शी गाठली. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे स्वतंत्र भारताचा मुलूख होता, निजामाचा नव्हे. म्हणून हजारो माणसं तिकडे धावली. नवरा सरहद्दीवरच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेला. कॅम्पाला पैसा हवा होता. त्यानं तिच्या हातातल्या पाटल्या मागितल्या, तिनं काढून दिल्या, आणि पुढं आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

"देश सुटावा असं तुला वाटत नव्हतं का?" मी विचारलं.

"वाटत होतं की! पण पाटल्या माझ्या आईच्या होत्या."

हे सांगताना तिचा उजवा हात डाव्या मनगटावर जायचा. पंचेचाळीस वर्षं झाली होती, नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती. तो रात्री-अपरात्री कॅम्पातून यायचा, दाराशी उभा राहून नुसतं "जेवलीस का?" विचारायचा, आणि ती मान फिरवायची. नवव्या दिवशी तो आलाच नाही. ती रात्र तिनं कशी काढली, ते ऐकल्यावर मला बंदुकांचं वर्णन करावंसं वाटेना.

पैशाचंही तसंच. निजामाचा हाली सिक्का सरहद्दीपलीकडे चालेना. सरकारी भावानं सात हाली रुपयांना सहा कलदार, म्हणजे भारताचे रुपये. घरातली बाई गाठोडं सोडून रुपये मोजते आणि सातातला एक गेला हे तिला कळतं, तेव्हा राज्य दुसऱ्याचं असणं म्हणजे काय ते वाचकालाही कळतं. वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता जे लिहिताना माझा हात अडतो ते सांगते. गाव सोडताना घराची किल्ली दिली होती शेजारच्या खालाकडे. गायही तिच्याच दावणीला बांधली. खालाच्या घरातलं कुणी रझाकारांत नव्हतं, हे मावशीआजी दर वेळी आवर्जून सांगायची. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे फौजेच्या त्या पाच दिवसांच्या कारवाईनंतर, मराठवाड्यात मुसलमानांवर सूड उगवला गेला, निरपराध माणसं मारली गेली. चौकशीला पंडित सुंदरलालांची समिती आली, तिचा अहवाल कितीतरी वर्षं दाबून ठेवला. आपल्याकडे मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात हे पान उलटून पुढं जातात. मला ते जमत नाही. ज्या कादंबरीत खालाचं घर नाही, ती मला अर्धीच वाटते.

मावशीआजी परत आली तेव्हा अंगण सारवलेलं होतं, गाय गाभण होती. खाला दारात आली आणि पदराच्या गाठीतली किल्ली तिनं सोडून दिली. घरात तिचा थोरला मुलगा दिसला नाही. त्याची चप्पल मात्र उंबऱ्याशी होती.

"मग? तू विचारलं नाहीस?"

"काय इचारू बाई? किल्ली घेतली अन् आले."

हा प्रसंग मी चार वेळा लिहिला. तीन वेळा तिला विचारायला लावलं आणि तीनही वेळा ते खोटं वाटलं. चौथ्या खर्ड्यात ती किल्ली घेते, चपलेकडे बघते आणि गाईचं दावं सोडायला वाकते. तेवढंच ठेवलंय.