पॅटर्नला किती दिवस?

आज शिरोली एमआयडीसीत नव्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागाचं, वेळापत्रक एमएस प्रोजेक्ट या सॉफ्टवेअरमध्ये बसवत होतो. पॅटर्न म्हणजे साचा उठवायचा लाकडी नमुना; पॅटर्न शॉपमधल्या मामांना विचारलं, त्याला किती दिवस? "सहा दिवसांत हुतंय बघ." मागच्या वेळी एवढ्यावरच आकडा टाकला आणि गिऱ्हाईकाला दिलेली तारीख चुकली. ते अजून मनाला लागून आहे. म्हणून आज चहा मागवून शेजारी बसलो. सगळं जुळलं तर? चार. लाकूड ओलं निघालं, ड्रॉइंग बदललं तर? "मग चौदा धर."

१९५८ साली अमेरिकन नौदलाच्या पोलारिस प्रकल्पात आकाराला आलेली पर्ट ही वेळेच्या अंदाजाची पद्धत हेच तीन आकडे मागते. मधल्याची चौपट, त्यात दोन्ही टोकं मिळवायची, सहाने भागायचं. आले ७ दिवस.

कॅलेंडरही बदललं, सॉफ्टवेअर मुळात शनिवार-रविवार सुट्टी धरतं, आमची सोमवारी.

मग क्रिटिकल पाथ काढला, म्हणजे ज्या कामांना उशीर झाला की शेवटची तारीखच पुढे जाते, त्यांची साखळी. मला धास्ती मशिनिंगच्या वेळी भाग घट्ट धरणाऱ्या फिक्श्चरची होती. त्याला चार दिवसांची सवड निघाली, आणि तारीख सगळी पॅटर्नवर अडलेली!

मामा स्क्रीनवर क्रिटिकल पाथच्या त्या लाल पट्ट्या बराच वेळ बघत राहिले. "लाकूड आणायला उद्या मीच जातो," म्हणाले.