समुद्र नाही तिथं जहाजाचा कारखाना, तोही 1795 पासून

भंडारा जिल्ह्यातल्या माणसानं जहाजावर लिहावं काय, असं कोणी म्हणत असेल तर म्हणू द्या. आमच्या पवनी तालुक्यात पाण्यावर तरंगणारं मोठ्यात मोठं काही पाह्यलं असेल तर ते ढिवरांचे डोंगे, नाहीतर गोसीखुर्दच्या बॅकवॉटरमधल्या बोटी. पण ज्या कंपनीबद्दल सांगतोय ती पण कुठं समुद्राकाठी आहे राजेहो!

मायर वेर्फ्ट तिचं नाव. जर्मनीच्या उत्तरेला, नेदरलँड्सची बॉर्डर जवळच, तिथं पापेनबुर्ग नावाचं छोटं शहर आहे आणि समुद्र तिथून एम्स नदीनं सुमारे 40 किलोमीटर खाली. नदीही काही फार मोठी नाही, आपलं वैनगंगेचं पात्र तिच्यापेक्षा कितीतरी रुंद. आणि त्या बारक्या नदीतून 330-340 मीटर लांबीची क्रूझ जहाजं निघतात, दोन्हीकडे शेतं, गाई चरू राहिल्या, आणि मधून ते पांढरं धूड हळूहळू सरकतंय, तेही उलटं, म्हणजे मागचा भाग पुढं करून! माझ्या भाच्यानं वर्कशॉपवर त्याचा व्हिडिओ दाखवला तेव्हा सगळ्यांनी ग्राइंडर बंद करून पाह्यला आणि तो स्वतःच म्हणे, "मामा, हे एडिटिंग असन बाप्पा."

एडिटिंग नाही. उलटं नेण्याचं कारण साधं आहे, मुख्य प्रोपेलर मागं असतात, आणि अरुंद नदीत वळणावर जहाज ताब्यात ठेवायचं तर ती ताकदीची बाजू पुढं असलेली बरी, शिवाय पुढंमागं जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या टग बोटी लावलेल्या असतात. लोक रात्री-बेरात्री बांधावर खुर्च्या टाकून बघायला बसतात म्हणे. आपल्याकडे असतं तर भजी-चहाची दुकानं लागली असती.

आता प्रश्न हा की इतक्या आत हा कारखाना टाकलाच काहून? तर तो टाकला गेला तेव्हा जहाजं लहान होती आणि लाकडाची होती. पापेनबुर्ग म्हणजे मुळात दलदल. 1631 मध्ये डिट्रिच फॉन फेलेन नावाच्या सरदारानं ती जागा घेतली. दलदलीत कुजून साचलेल्या झाडपाल्याचा जो थर असतो, पीट म्हणतात त्याला, तो कापून वाळवला की जळणाला चालतो. पाणी काढायला कालवे खोदले, त्याच कालव्यांतून पीट विकायला न्यायचं तर नावा पाहिजेत, नावा पाहिजेत म्हणून सुतार आले. म्हणजे समुद्राच्या ओढीनं वगैरे काही नाही, चिखलातून सुरू झालेला धंदा आहे हा. 1795 मध्ये विल्म रोल्फ मायरनं आपला कारखाना काढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्या एवढ्याशा गावात वीसेक जहाज कारखाने होते. आज त्यातला एकच उरलाय.

एकच काहून उरला याचं बरंचसं उत्तर 1870 च्या दशकात आहे. योझेफ लाम्बर्ट मायरनं लाकूड सोडून लोखंड धरलं. तेव्हा ही सोपी गोष्ट नव्हती, पिढ्यान्‌पिढ्या वासला-रंधा चालवणाऱ्या गावात भट्टी आणि रिव्हेट आणायचे, कारागीर नव्यानं तयार करायचे, आणि गिऱ्हाईक मिळेलच याची खात्री नाही. बाकीचे लाकडालाच धरून बसले, आणि वाफेच्या जहाजांनी शिडाच्या जहाजांचं मार्केट खाल्लं तसे एकेक करून बंद पडले.

या कंपनीची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र क्रूझची नाही, ग्योट्झेन नावाच्या जहाजाची आहे. ही जरा सावकाश सांगतो.

1913 मध्ये मायरकडे ऑर्डर आली, पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीसाठी, टांगानिका सरोवरात चालवायचं जहाज. आता सरोवर आफ्रिकेच्या पार मध्यात, समुद्रातून तिथं जहाज जाणार कसं? तर यांनी पापेनबुर्गमध्ये आख्खं जहाज नटबोल्टवर उभं केलं, कायमचे रिव्हेट न मारता, मग सगळं परत खोललं, पार्टवर नंबर टाकले आणि सुमारे 5000 पेट्यांत भरून दार-ए-सलामला पाठवलं. तिथून रेल्वेनं सरोवराकाठच्या किगोमाकडे. सोबत पापेनबुर्गचे तीन कारागीर गेले, आंटोन र्‍यूटर, रूडोल्फ टेलमन आणि हेरमान वेन्ड्ट. तिथं बसून त्यांनी ते जोडलं, रिव्हेट मारले, आणि 1915 च्या फेब्रुवारीत ते पाण्यात उतरवलं. तोपर्यंत पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं, त्यामुळं जहाजावर तोफ चढवली गेली.

1916 च्या जुलैत जर्मनांना किगोमा सोडून पळायची वेळ आली आणि हुकूम आला की जहाज बुडवा, शत्रूच्या हाती लागू देऊ नका. कारागिरांनी बुडवलं. पण बुडवायच्या आधी त्यांनी इंजिनाला सगळीकडून जाड ग्रीस फासलं. म्हणजे बघा, हुकूम बुडवायचा आहे, दुसऱ्या बाजूचं सैन्य येऊन ठेपतंय, आणि हे गडी मशीनला ग्रीस लावत बसलेत! ज्यानं मशीन स्वतःच्या हातानं बसवली त्यालाच हे समजेल. पावसाळ्याआधी मळणीयंत्राच्या बेअरिंगला ग्रीस भरा म्हणून मी गिऱ्हाइकांच्या मागं लागतो तर ते माझ्याकडे असे पाहतात की मी ग्रीसचा एजंट आहे.

ते ग्रीस कामाला आलं. इंग्रजांनी 1924 मध्ये जहाज वर काढलं तर इंजिन अजून कामाच्या लायक, आणि 1927 मध्ये ते लिएम्बा या नावानं परत चालू झालं. नंतर सत्तरच्या दशकात वाफेचं इंजिन काढून डिझेल बसवलं आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं ते टांझानियाच्या लोकांना, त्यांच्या मक्याच्या पोत्यांना, अननसांना या गावाहून त्या गावाला नेत राहिलं.

मधल्या काळाचं भराभर सांगतो. युद्धं आली-गेली, कंपनी फेरी बोटी बनवायची, गॅसचे टँकर बनवायची, गुरं-मेंढ्या वाहून न्यायची जहाजंसुद्धा बनवली. इंडोनेशियाच्या सरकारी कंपनीसाठी 1983 पासून वीसहून जास्त प्रवासी जहाजं बनवली, इतक्या बेटांच्या देशात तीच तिथली एसटी. सहाव्या पिढीतला बेर्नार्ड मायर ऐंशीच्या दशकात मालक म्हणून पुढं आला आणि कंपनी क्रूझच्या धंद्यात घुसली. होमरिक हे पहिलं मोठं क्रूझ जहाज, 1986 चं. ते पाण्यात उतरवलं तेही आडवं, बाजूनं धाडकन्, कारण नदीत सरळ उतरवायला लांबी पुरत नव्हती. त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी छताखालची गोदी चालू केली आणि आडवं ढकलायचं काम संपलं. आता तिथला मोठा हॉल 504 मीटर लांब, 125 मीटर रुंद आणि 75 मीटर उंच आहे. बाहेर पाऊस पडो की बर्फ, आत काम चालू. आपल्याकडं मे महिन्यात टिनाच्या शेडखाली वेल्डिंग करून पाहा म्हणजे या गोष्टीची किंमत कळेल.

वेल्डिंगवर आलोच आहे तर थांबतोच इथं, माझा विषय आहे. पातळ पत्र्याला लांब टाका मारला की पत्रा ओढतो, हे ट्रॉली बनवणारा कोणताही माणूस सांगेल. एका बाजूला उष्णता लागली की थंड होताना तिथला भाग आखडतो, आणि सरळ पत्र्याला पोट येतं. म्हणून आपण थोडं इथं, थोडं तिथं असे टाके मारत जातो आणि शेवटी घण घेऊन ठोकत बसतो. आता क्रूझ जहाजात पंधरा-वीस डेक असतात, वरचं वजन कमी ठेवायचं म्हणून पत्रे पाच-सहा मिलीमीटरचे, आणि असे कित्येक किलोमीटर जोड. तिथं घण घेऊन कुठवर ठोकणार? मायरनं त्यासाठी लेझर आणि आर्क, म्हणजे आपलं नेहमीचं विजेच्या ठिणगीचं वेल्डिंग, एकत्र करून लाइन टाकली. लेझरचा किरण बारीक जागेत खोल जातो, आजूबाजूचा पत्रा फार तापत नाही, म्हणून ओढ कमी आणि पत्रा सपाट राहतो. असे मोठमोठे सपाट पॅनल जोडून ब्लॉक बनतात, आतले पाइप-केबल बऱ्यापैकी आधीच टाकून ठेवतात, आणि मग 800 टन उचलणारी क्रेन ते ब्लॉक एकावर एक ठेवते. आमची चेनपुली दोन टनाची आहे, सांगून ठेवतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी कंपनीचा भक्त झालोय. कारागिरीचा आहेच. पण नदीचं काय झालं तेही सांगावं लागेल.

जहाजं मोठी होत गेली आणि एम्स तर तेवढीच. मग ऐंशीच्या दशकापासून नदी खोल करत आणली, गाळ उपसत राहिले. तरी पुरेना म्हणून समुद्राकडच्या बाजूला गान्डरझुमला मोठे दरवाजे बांधले, 2002 मध्ये चालू झाले. समुद्राच्या वादळी लाटा अडवायला असं कागदावर आहे आणि ते कामही होतंच, पण जहाज काढायच्या वेळी भरतीचं पाणी आत अडवून, वरून पंपानं पाणी टाकून, नदी फुगवतात आणि त्या फुगलेल्या पाण्यावरून जहाज सरकवतात. या सगळ्यात नदीचा चिखल इतका वाढला की उन्हाळ्यात खालच्या पट्ट्यात पाण्यातला ऑक्सिजन उतरतो आणि माशांना तिथं जगणं कठीण होतं. पर्यावरणवाले कोर्टात गेले, 2015 मध्ये सरकार, कंपनी आणि संस्था यांनी बसून 2050 पर्यंतचा नदी सुधारायचा करार केला. गोसीखुर्दच्या पाण्यात ज्यांची गावं गेली त्यांच्यात बसून मी चहा पितो, त्यामुळं 'विकासासाठी थोडं सोसावं लागतं' हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. जर्मनीत करार होतो, मोजमाप होतं, हा फरक आहे, पण मासा तिथलाही गेलाच.

आणि माणसं. 2013 मध्ये पापेनबुर्गमध्ये उपकंत्राटदाराकडं काम करणारे दोन रोमानियन कामगार राहत्या घराला आग लागून मेले. तेव्हा तिथं मोठा गदारोळ झाला की कायम कामगाराला एक वागणूक आणि कंत्राटीला दुसरी असं कसं चालेल. आपल्याकडचे पोरं पुण्या-हैदराबादकडं कंत्राटात जातात, एका खोलीत दहा-दहा राहतात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता शेवटचा भाग, पैशाचा. क्रूझ जहाजाचा व्यवहार असा असतो की गिऱ्हाईक बांधणी चालू असताना साधारण 20 टक्के देतो आणि बाकीचे 80 टक्के जहाज ताब्यात घेताना. तोवर लोखंड, मजुरी, इंजिनं सगळं कारखान्यानं बँकेच्या पैशातून भागवायचं. आपल्या धानासारखंच आहे, रोवणीपासून चुरण्यापर्यंत खर्च सगळा आपला आणि पैसा पाहायचा तर धान काट्यावर चढल्यावर. कोरोना आला, क्रूझ बंद, नव्या ऑर्डरी थांबल्या. आणि जुन्या ऑर्डरींचे भाव आधीच ठरलेले, नंतर युक्रेनच्या युद्धामुळं लोखंड आणि वीज महागली ती वाढ कराराबाहेर. ऑर्डरबुक भरलेलं आणि खिसा रिकामा, अशी गत. 2027 पर्यंत पावणेतीन अब्ज युरोच्या आसपास लागणार होते आणि बँका हमीशिवाय द्यायला तयार नव्हत्या.

शेवटी 2024 च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकार आणि लोअर सॅक्सनी राज्य सरकारनं मिळून 40 कोटी युरो घातले आणि कंपनीचा सुमारे 80 टक्के हिस्सा घेतला, वरून कर्जाला प्रत्येकी जवळपास एक अब्जाची हमी दिली. मायर कुटुंबाकडं उरले वीसेक टक्के. 229 वर्षं घरात असलेली कंपनी. एक अट मला फार आवडली, कंपनीनं 2015 मध्ये आपलं मुख्यालय लक्झेम्बर्गला हलवलं होतं, तिथं कामगारांचे प्रतिनिधी असलेलं देखरेख मंडळ ठेवायचा जर्मन कायदा लागू होत नव्हता, ते मुख्यालय परत जर्मनीत आणायला लावलं. सरकारच्या दारात पैशाला यायचं तर कायदाही सरकारचाच पाळा, एवढं साधं आहे.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं तर त्याचा हिशोब वेगळाच. म्हणे, "एवढं समुद्राकाठीच न्यायचं ना मामा कारखाना, कायले नदी फुगवत बसतेत?" मी म्हटलं, तीन हजारांवर लोक तिथं काम करतात, बाप-आजा तिथंच वेल्डर-फिटर होते, हॉल उचलून नेता येत नाही आणि माणसंही येत नाहीत. त्याला काही ते पटलं नाही. सरकार म्हणतंय की आम्ही कायमचे मालक राहणार नाही, कंपनी पायावर उभी राहिली की हिस्सा विकणार. घेणारा मात्र पहिल्यांदा नदीच बघेल, आणि तेव्हा भाच्याचाच प्रश्न विचारेल.