मिलेच्या त्या मुलीचे हात

एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार झाँ-फ्राँस्वा मिले याच्या ‘कळपासह मेंढपाळ मुलगी’ या चित्रातली मान खाली घातलेली पोर पाहून अनेकांना प्रार्थना आठवते. मला विणकामाचं वेड, त्यामुळे माझी नजर आधी तिच्या हातांवर जाते. ती विणतेय. साधे सुलट टाके असले की हात आपसूक चालतात, बघावं लागत नाही. मान खाली जाते ती टाके मोजताना किंवा घटवताना. म्हणून माझा आपला अंदाज, हा मोजा असावा आणि बाई टाचेपाशी पोचल्यात!

मग मेंढ्या कोण राखतंय? कुत्रा. कळपाच्या कडेला काळाभोर उभा आहे, पूर्ण ड्यूटीवर. मेंढ्या तर सुट्या दिसतच नाहीत. एकमेकींना चिकटलेल्या पाठींचा नुसता पट्टा, आणि ढगाआडचा उजेड त्या लोकरीवर सांडलेला. मागे बार्बिझोन या पॅरिसजवळच्या खेड्याचं सपाट रान. मिले १८४९ पासून तिथेच राहत होता आणि स्वतः नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याच्या घरचा. लाल कुंची आणि अंगावरचं जुनं जाड लोकरीचं पांघरूण त्याने शोभेसाठी रंगवलेलं नाही, वाऱ्यासाठी रंगवलंय.

बुगरो या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराची १८८९ ची मेंढपाळ मुलगी याच्या अगदी उलट. अनवाणी, खांद्यावर आडवी काठी, थेट आपल्याकडे बघणारी. रंगकाम अप्रतिम आहे, नाकारत नाही. पण ती पोझ देऊन उभी आहे, आणि ते लपतही नाही.

गंमत म्हणजे मिलेचं हे चित्र १८६४ च्या पॅरिसच्या सलाँमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनात, सगळ्यांना आवडलं. सरकारला विकत घ्यायचं होतं, पण ते आधीच विकलं गेलं होतं. आदल्याच वर्षी त्याच्या ‘कुदळवाला माणूस’ या चित्रावर टीकाकार तुटून पडले होते. तो कुदळीवर रेललेला, तोंड उघडं, थकून चूर. गरीब दोघंही. पण तो दमलेला चेहरा समोर धरतो, हिने मान खाली घातलीय. मला वाटतं, सलाँमधल्या सभ्य मंडळींना ते सोयीचं पडलं असणार, आणि तिची प्रार्थनाही त्यांच्यासारख्यांनीच ठरवली असणार.

चित्र आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे, जेमतेम मीटरभर रुंद. कुणी विणणारी मैत्रीण तिकडे जाणार असेल तर सुयांपाशी नीट बघून ये गं, आणि मोजा आहे की नाही ते मला कळव.