दावण

कॅनडातल्या विनिपेगला आले त्या पहिल्याच नोव्हेंबरात माझी खात्री झाली होती, की या गावात सगळ्या गाड्या विजेवर चालतात. बघावं त्या गाडीच्या नाकाडातून, पुढच्या जाळीच्या फटीतून हातभर काळी वायर लोंबतेय आणि तिच्या टोकाला तीन पिनांचा प्लग. "किती पुढे गेलेत हे लोक," असं फोनवर अण्णांना सांगूनही मोकळी झाले. चार दिवसांनी कळलं, गाड्या पेट्रोलच्याच आहेत. वायर आहे ती उभ्या गाडीचं इंजिन गरम ठेवायला.

हे अण्णांना समजावताना माझी फे फे उडाली. मिरजेजवळच्या आमच्या गावात इंजिन चालवलं की तापतं. चालवायच्या आधी ते तापवायचं, हे काही त्यांच्या पचनी पडेना. मग सगळं पहिल्यापासून सांगितलं. इथे जानेवारीत उणे 30 ही बातमीसुद्धा नसते. उणे 40 झालं तर सेल्सिअस की फॅरनहाइट हेही विचारायला नको, दोन्ही मोजपट्ट्या त्या एका आकड्यावर गळाभेट घेतात. असल्या गारठ्यात इंजिनातलं ऑइल काकवीसारखं दाट होतं आणि बॅटरीचा जीव निम्मा होतो. म्हणजे ज्या सकाळी जोर जास्त लागणार, नेमका त्याच सकाळी तो अंगात नसणार. म्हणून इंजिनाच्या पोटात, कूलंटमध्ये, म्हणजे इंजिनात खेळणाऱ्या पाण्यासारख्या द्रवात, एक छोटी कॉइल बसवतात. आपण बादलीत पाणी तापवायला सोडतो तसलीच.

अण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे सांजच्याला गाडी बांधायची आन् सकाळी सोडायची. असंच न्हवं?"

झालं. तेव्हापासून मला आमच्या इमारतीमागचं पार्किंग दिसेनासं झालं, तिथे गोठा दिसायला लागला. ओळीनं रोवलेले कमरेएवढे खांब, खांबाला सॉकेट आणि त्यांच्याकडे तोंड करून उभ्या गाड्या, प्रत्येकीच्या गळ्यात दावं. पाठीवर बर्फाची झूल. एखादी लाल गाडी जरा तिरकी उभी, आमची चंद्री म्हैस राहायची तशी. ज्यांच्या घराला बंद, उबदार गॅरेज आहे त्यांना हे सुख नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचा हेवाच वाटतो. दोन्ही वाक्यं खरी आहेत.

बांधणं म्हणजे खाली जाऊन एक प्लग लावणं, एवढंच. पण त्यासाठी आधी अंगावर चार थर, दोन मोजे, गुडघ्याशी पोचणारे बूट, टोपी, टोपीवर जाकिटाचं टोपडं. दारातून बाहेर पडून पहिला श्वास घेतला की नाकातले केस थिजतात आणि आत बारीक कुसळं टोचल्यासारखं होतं. वारं धरून उणे 40च्या खाली गेलं की उघडी कातडी पाच-दहा मिनिटांत गोठू शकते, असं हवामान खातं बजावतं. त्यामुळे सगळं हातमोजे घालून करायचं, आणि प्लग काही जाड मोज्यात धरवत नाही. शेवटी उजवा मोजा दातात धरायचा, उघड्या बोटांनी पिना सॉकेटात बसवायच्या. साधी एक्स्टेन्शन वायर इथे उपयोगाची नाही, ती उसासारखी ताठ होते. वाकवली तर वरचं कवच तडकतं. थंडीत लवचीक राहणारी निराळी मिळते, बहुतेक भगव्या नाहीतर निळ्या रंगाची, बर्फात चटकन दिसावी म्हणून.

तीन-चार तास पुरतात. बाकी रात्रभर नुसतं बिल वाढतं. काही पार्किंगांमध्ये खांबांची वीज आलटून-पालटून चालू-बंद होते. शेजारी कुरकुरत असतात, मला मात्र ते घरच्यासारखं वाटतं. भारनियमनात वाढलेली बाई मी.

हीटरची एक जुनी जात होती, तिचं पेटंट अँड्र्यू फ्रीमन नावाच्या गृहस्थाला 1949 साली मिळालं. इंजिनाच्या माथ्यावरचा एक बोल्ट काढायचा आणि त्या जागी तापणारा पोकळ बोल्ट बसवायचा. हा माणूस अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सचा, म्हणजे सीमा ओलांडून आमच्यापासून दोन-अडीच तासांवरचा. त्यालाच हे सुचावं यात नवल नाही. मुंबईच्या माणसाला छत्री सुचली असती.

आता माझी फजिती. फेब्रुवारीतली सकाळ, उणे 34, उशीर झालेला. सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोटे सूर्य उगवलेले. हवेतल्या बर्फाच्या कणांमुळे ते दिसतात आणि दिसले की समजायचं, आज काही खरं नाही. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. रात्रभर एका जागी उभे राहून टायर बुडाशी चपटे झालेले असतात, त्यामुळे पहिली दोन-तीन मिनिटं गाडी बैलगाडीसारखी धडधडत जाते. त्या धडधडीत मागचा आवाज मला ऐकूच आला नाही. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून हातवारे करायला लागला. या थंडीत कुणी काच खाली करतो म्हणजे प्रकरण गंभीर. उतरून पाहिलं तर पाच मीटरची भगवी वायर गाडीखालून मागे पसरलेली. आमची चंद्री एकदा बैलपोळ्याच्या ढोलांना बुजून खुंटा उपटून पळाली होती, तो खुंटा असाच फरफटत गेला होता.

इमारतीतले एक म्हातारे गृहस्थ, आजा-पणजा युक्रेनहून आलेले, वाकडा झालेला प्लग बघून म्हणाले, "पहिलीच वेळ ना? आता तू इथली झालीस." हे ते सगळ्यांनाच म्हणतात, असं नंतर कळलं.

अण्णांना मी हे सांगितलं नाही. पण इथले रात्रीचे नऊ म्हणजे तिकडचे सकाळचे साडेआठ, त्यांची धार काढून, डेअरीला दूध घालून झालेलं असतं आणि फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "बांधलीस का?" परवा मी खालूनच बोलत होते. म्हटलं, वायर लावून जरा थांबलं आणि बॉनेटपाशी कान नेला की आतून बारीक सूंऽऽ आवाज येतो. तो आला की समजायचं, हीटर चालू आहे.

"रवंथ करतीया," अण्णा म्हणाले. "ऐकू दे बघू मला."

मी फोन बॉनेटवर टेकवला, चांगला मिनिटभर. मग कानाला लावून विचारलं, आलं का ऐकू? पलीकडे शांतता. थंडीनं फोन केव्हाच बंद पडला होता.